तिसऱ्या चॅनेलवरचा भोंगा

नवीन पनवेल,
१२ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

तुला आणि रुचिरावहिनीला नमस्कार. इकडे थंडी पडली आहे, म्हणजे पनवेलला पडते तेवढी. पहाटे उठून पंखा बंद करावा लागतो. कॉलेजात मुलांच्या प्रॅक्टिकलच्या परीक्षा जवळ आल्यात, त्यामुळे माझा मुक्काम फिजिक्सच्या लॅबमध्येच असतो.

पत्र पाहून दचकला असशील. फोनवर तू "बाबा कसे आहेत?" विचारतोस, मी "मजेत" म्हणते आणि आपण दुसरंच बोलायला लागतो. म्हणून लिहायला बसले.

बाबांची टगबोट तू पाहिलेली नाहीस. आईच्या वर्षश्राद्धाला तू त्यांना 'एकटे राहू नका, आमच्याकडे चला' म्हणालास, त्यावरून तुमचं वाजलं, तू बंगळूरला परत गेलास, त्यानंतर त्यांनी ती करायला घेतली. नोकरीत असताना बंदरावर जी टग रोज डोळ्यांसमोर असायची, तिचीच नक्कल. हातभर लांब, रिमोटवर चालणारी. रविवारी सकाळी आम्ही ती सुकापूरच्या तळ्यात सोडतो.

दिवाळीनंतर एकदा म्हणाले, "अनु, हिच्यावर दिवा बसवू. रिमोटला एक चॅनेल रिकामं आहे ना?"

होतं. एक चॅनेल मोटरला, एक सुकाणूला, तिसरं नुसतंच पडून. मी एक छोटा इलेक्ट्रॉनिक स्विच आणला, त्याची वायर बोटीतल्या रिसीव्हरच्या तिसऱ्या खाचेत खोचली, दिव्याला वेगळी बॅटरी दिली. हातातल्या रिमोटचं बटण खाली केलं की तिकडे बोटीवर दिवा लागतो. मी खूश. बाबा मात्र बटण खालीवर करत बराच वेळ बसले आणि म्हणाले, "याहून मोठा नाही मिळणार?"

मोठा बसवला. पुढच्या रविवारी म्हणाले, दिवा राहू दे, भोंगा बसव.

मला वाटलं, हौस. टगला भोंगा असतोच. दिवा काढून त्याच तारांना बझर जोडला. सिग्नल तुटला तर बझर बंद राहावा, असं सेटिंग मी करत होते. बॅटरी वाचते. बाबांनी माझा हात धरला.

"उलटं कर. सिग्नल तुटला की वाजला पाहिजे."

"का?"

"लांब गेली तर कळायला नको?"

"लांब गेली तर दिसेलच की, बाबा."

मी पुढे विचारलं नाही. केलं उलटं.

तळ्यावर आनंदा म्हणून एकजण असतात. सुकापूरचेच, गळ टाकून बसतात, बाबांची त्यांच्याशी गट्टी जमली आहे. भोंगा बसवल्यानंतरच्या एका रविवारी मी गाडीतून पाण्याची बाटली आणायला गेले होते. परत येते तर बाबा तळ्याच्या मध्याकडे तोंड करून उभे, आणि बोट त्यांच्या डावीकडे काठाच्या दगडांवर धडका देतेय. बझरमध्ये पाणी शिरलं होतं, तो वाजतच नव्हता. बाबा बटण दाबत होते, दाबतच होते.

"काका, तिकडं नाय," आनंदा हळूच म्हणाले. "इकडं हाय बोट. तुमच्या डाव्या अंगाला."

"हो, हो. दिसली," बाबा म्हणाले. पण ते दगडांकडे बघत नव्हते. आनंदांच्या आवाजाकडे बघत होते.

बोट मी उचलली. आनंदा मला बाजूला म्हणाले, "ताई, आजचं नाय हे. दिवाळीच्या आदीपासून असंच हाय. तुम्ही बाजूला गेलात की मी सांगतो, ते चालवतात. मला बोलले, पोरीला बोलू नको."

त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दादा, काचबिंदू आहे. डावा डोळा गेल्यातच जमा. उजव्याला समोरचं थोडं दिसतं, बाजूचं नाही. गेलं ते परत येणार नाही. ऑपरेशन केलं तर उरलंय ते टिकेल, असं डॉक्टर म्हणतात. बाबांनी ऑपरेशनला नाही म्हटलं. वर मला बजावलं, इंद्रजीतला कळवायचं नाही. "तो म्हणेल, बघा, मी सांगत होतो." तू असं म्हणणार नाहीस हे मला ठाऊक आहे. त्यांना नाही.

मी वाद घातला नाही. नवा बझर आणला, पाणी लागू नये म्हणून वर डोलकाठीला बांधला. आज सकाळी परत गेलो. बाबा भोंगा वाजवायचे, कान द्यायचे आणि बोट वळवायचे. सगळं तळं फिरवून त्यांनी ती अलगद पायाशी आणली. आनंदांनी गळ खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

परतताना गाडीत मी म्हटलं, "बोटीचं झालं. घरात भोंगे कुठे कुठे लावू, बाबा? गॅसला? जिन्याला?"

हसले. आपली बिल्डिंग आली तेव्हा म्हणाले, "तारीख घे."

या महिनाअखेरची मिळेल. मी रजा टाकते आहे.

इथवर लिहिलं आणि मला राहवेना. पाठीमागे लिहिलं असं नको, म्हणून त्यांना सांगितलं. म्हणाले, "वाच." सगळं वाचून दाखवलं. मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, "मला कुणाच्या दारात राहायचं नाही, असं बोललो होतो ना मी त्याला? 'कुणाच्या' म्हणायला नको होतं."

मी म्हटलं, हे तुम्हीच लिहा. "एवढं नाही लिहिता येणार," म्हणाले, पण पेन मागितलं. कागदावर त्यांचं बोट जिथे टेकवलं, तिथून पुढे त्यांनी लिहिलंय. ओळ उतरत गेली आहे, मी तशीच ठेवली.

तुझी,
अनु

इंद्रा, येताना बोटीसाठी पिवळा रंग आण. पिवळा मला अजून दिसतो.
बाबा