पाठ केलेला तक्ता

चौल,
२२ नोव्हेंबर २०२५

ति. ताईस,

कल्पिताचा नमस्कार. चार वर्षांनी माझं अक्षर बघून दचकशील. इकडे वाडीतली सुपारी उतरवून झाली. सासूबाईंचे गुडघे तसेच. हे गाडी घेऊन गुजरातला गेलेत. तुझ्यासाठी कडवे वाल काढून ठेवलेत, घ्यायला कधी येशील ते तूच जाणे.

प्राप्ती पाचवीत गेली. गेल्या आठवड्यात तिला अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डाव्या डोळ्याला लहानपणापासून मोठा नंबर आहे म्हणे. चष्मा नाही, म्हणून त्या डोळ्याने बघायचंच सोडून दिलं. सहाव्या वर्षी चष्मा लावून, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधली असती तर बरंच सुधारलं असतं. आता पट्टी बांधायची, पण नजर किती परत येईल ते डॉक्टरही सांगत नाहीत. बैल गेला नि झोपा केला!

तू तेव्हाच म्हणाली होतीस, "कल्पे, पोर मान वाकडी करून बघते. तिला नीट दिसत न्हाय गो." मी फणकारले, "माझ्या पोरीत खोट काढायला म्हसळ्याहून आलीस?" तू भरल्या ताटावरून उठून गेलीस.

पुढचं तुला ठाऊक नाही. त्याच महिन्यात शाळेत डोळ्यांची तपासणी होती. मी तिथे खिचडी शिजवते. अक्षरांचा तक्ता आदल्या दिवशीच आमच्या स्वयंपाकाच्या खोलीत आणून ठेवलेला. मी सगळ्या ओळी कागदावर उतरवल्या आणि पोरीकडून पाढ्यांसारख्या घोकून घेतल्या. मला ती परीक्षाच वाटली. खरं सांगू? तुला खोटं पाडायचं होतं. पोर पास झाली आणि मी शाळेत साखर वाटली. शरम वाटते गं, ताई.

अलिबागला डॉक्टरांनी आधी तिचा उजवा डोळा झाकला. "काय दिसतं, बाळ?" समोर नुसते आकडे होते. आणि प्राप्ती घडाघडा म्हणाली, "ग, प, ट... म, ल, न, स..." चार वर्षांपूर्वीचा तक्ता, शेवटच्या ओळीपर्यंत, एक अक्षर न चुकता.

मग तिने माझ्या दिशेने मान वळवली. "आई, सगळं बरोबर आलं ना?"

मी "हो" म्हणाले, ताई. तेव्हासुद्धा हो म्हणाले.

तू ये. मला हवं ते बोल, पण ये. तिला खरं सांगायला मला एकटीला जमत नाही.

तुझी,
कल्पी