सुईने टोचलेले तारे

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिंपीण, वयाने थकलेली पण डोके ठिकाणावर असलेली, कोणाच्याही दबावाशिवाय माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. दबाव आणावा एवढी इस्टेट नाही, हेही नमूद करते.

१. राहते घर गच्चीसह मुलीला. गच्चीवर पत्रे घालण्याचा विषय जावईबापूंनी पुन्हा काढू नये.

२. शिलाई मशीन व कात्र्या माझ्या हाताखालच्या कारागीर बाईंना. मोठी कात्री कागदाला लावू नये. एवढी वर्षे त्यांनी माझी कटकट सोसली, त्यांची मी ऋणी आहे.

३. दुर्बीण नातीला.

४. तारकापुंजांची चित्रे. याबद्दल थोडे सविस्तर लिहिते.

दुर्बीण आमच्या ह्यांची. ह्यांची दृष्टी गेली तेव्हा ह्यांनी अंथरूण धरले. "विकून टाक ती," म्हणाले. विकण्याआधी एकदा बघावे म्हणून मी डोळा लावला आणि खोलीत येऊन सांगितले, "साखर सांडल्यासारखं काहीतरी दिसतंय."

"कुठे दाट? कुठे विरळ? नीट सांग ना!" कित्येक दिवसांनी हे माझ्यावर ओरडले. मला फार बरे वाटले.

तोंडाने सांगता येईना, म्हणून बघून बघून कागदावर टिंबे काढली आणि सुईने टोचली. ठळक ताऱ्याला जाड सुई, अंधुकाला बारीक. ह्यांनी मागच्या बाजूचे उंचवटे चाचपले आणि हसतच सुटले. "अगं, सगळं आभाळ उलटं केलंस!"

मग मी कागदाच्या मागून टोचायला शिकले. एकदा म्हणाले, "इथे दोन हवेत, तू एकच टोचलास." मी वर जाऊन पाहिले, खरेच दोन होते, अगदी चिकटून. दुसऱ्या दिवशी हे स्वतःच जिना चढून माझ्याबरोबर गच्चीवर आले. पुढची सगळी चित्रे आम्ही दोघांनी मिळून केली.

नणंदबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "आंधळ्याला तारे दाखवतेस? लोक हसतील." ते मला लागले, मी बरेच दिवस अबोला धरला. पण ह्यांच्या शेवटच्या आजारपणात उशाशी त्याच बसत. ह्यांची बोटे चालेनाशी झाली, तेव्हा त्यांनी भावाचा हात आपल्या हातात घेऊन टिंबांवरून हळूहळू फिरवला. मी दारातून पाहिले, आणि आत न जाता चहा ठेवायला गेले.

सबब सर्व चित्रे नणंदबाईंना. काचेच्या चौकटीत घालू नयेत. ती हात लावायची आहेत.

स्थळ: राहते घर. दिनांक: शिक्क्याखाली आहे तो.
सही: मृत्युपत्र करणारी.

साक्षीदार:
१. आमच्या डॉक्टरीणबाई.
२. समोरचे औषधवाले. त्यांच्या पाटीचा उजेड थेट गच्चीवर येई. मी फक्त म्हटले, "भाऊ, ती पाटी जरा…" त्या दिवसापासून दुकान बंद केले की ते पाटीही बंद करतात. कारण कधी विचारले नाही. वकील म्हणतात, साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येत नाही. बरेच झाले. त्यांनी दिलेल्या अंधाराच्या तोडीचे माझ्या घरात काही नाही.