जित्या माणसाचा टाक

गुरुवार, संध्याकाळ. यवत.

सोनाराकडून आज आप्पांचा, माझ्या वडलांचा, टाक आणला. आमच्यात माणूस गेल्यावर त्याचा चेहरा चांदीच्या पत्र्यावर ठोकून देव्हाऱ्यात ठेवतात. चपटं तोंड, बुबुळं नसलेले गोल डोळे. दुकानातच ओळखले.

हे डोळे मी आधीच काढले होते. आप्पा जिवंत असताना, त्यांच्या चित्रात. निळा चेहरा, आडवं नाक, बुबुळं नसलेले गोल डोळे. पुण्याच्या प्रदर्शनात जाणकार म्हणाले, परदेशी आधुनिक चित्रकारांचा प्रभाव आहे, आफ्रिकेतल्या मुखवट्यांचा. मी मान डोलावली. बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

आप्पांना दाखवलं, तर त्यांनी एकदाच बघितलं. मग हळूच म्हणाले, "जित्या माणसाचा टाक केलास व्हय रं?"

मी हसलो. मॉडर्न आर्ट म्हणजे काय ते समजावत बसलो. "आसंल बाबा," म्हणाले आन् मेंढरांकडं गेले. पुन्हा त्या चित्रासमोर कधी आले नाहीत. मला वाटलं, त्यांना कळलं नाही.

लहानपणी दर दसऱ्याला आजा-पणज्याचे टाक चिंच लावून घासायचं काम माझंच होतं. ते गोल डोळे बोटांना पाठ होते. मग मला कसं दिसलं नाही? त्यांना एका नजरेत दिसलं.

त्यांनी साधा प्रश्न विचारला होता. मी उत्तर सोडून बाकी सगळं बोललो.

व्हय आप्पा. केला.