सरलाची बटणांची फळी

सरला,

तुझी गेमची फळी घरात शोधू नकोस. ती जोडून आणायला मी पांढुर्ण्याला श्रीधरकाकांच्या रेडिओ-दुकानात चालले आहे. तू विजयाकडे गेलीस आणि मोहगावचे कीर्तनकार बुवा फराळाला आले. पालथी ठेवलेली फळी मला पाटच वाटली, तीच बुवांना बसायला दिली. बुवा टेकले, तशी खालची घंटीची बटणं कटकटली आणि दोन तारा तुटल्या. बुवा म्हणाले, "माय, हा पाट बोलून राहिला."

मी सांगितलं, पोलिओनं पोरीचे हात गेले, ती यावर पायांनी टीव्हीतला गेम खेळते. बुवा उठले, फळी कपाळाला लावली आणि म्हणाले, "वीणेवर बसवलं तुम्ही मले."

मी त्या फळीला आजवर खेळणंच म्हणत आले. चुकलं माझं.

मामाचा रवींद्र पाचला शेवटचा डाव खेळून गेम नागपूरला परत नेणार ना? मला उशीर झाला तर त्याला थांबवून ठेव, मी फळी घेऊन पोचतेच. पोहे झाकून ठेवलेत.

तुझे पाय बटणांवर धावायला लागले की मला कीर्तनातले टाळ आठवतात. आज मला समोर बसू दे. इतके दिवस दाराआडून पाहत होते.

— आई