तुफानचा वारस

१४ मार्च, गुरुवार
टँकर आजही नाही. आला तो अप्पा. किराण्याचं दुकान तसंच उघडं टाकून, हातात मोबाईल नाचवत. "सचिव, आपली तुफान परत आली बे!"
मला वाटलं, कुणी गोठ्यातून गाडी पळवली होती आणि आता आणून सोडली. धावत जाऊन पाहिलं. पोत्याखाली होती तिथेच होती.
अप्पाचं म्हणणं वेगळं. कंपनीने त्याच नावाची नवी मोटारसायकल काढली आहे. फोटो दाखवला. टाकी तशीच फुगीर, त्यावर तसाच चंदेरी पट्टा. खालचं मात्र सगळं अनोळखी.
मी म्हणालो, नाव ठेवल्याने कुणी वारस होत नाही.
"मग काय सातबारा दाखवू का तुला?"
चहा न घेता गेला. गिऱ्हाईक खोळंबलं असेल.

१७ मार्च, रविवार
अप्पाशी वाजलं की मला जुनं सगळं आठवतं. आज लिहूनच काढतो.
तुफान तिघांची. मी सोसायटीचा गटसचिव, भागवत दूध संस्थेत, अप्पाचं दुकान. एकट्याची ऐपत कुणाचीच नव्हती, म्हणून तिघांनी भागभांडवल काढलं. त्या काळात नांदूरघाटात कशाचीही संस्था निघायची, आम्ही मोटारसायकलची काढली. भागवत चेअरमन, कारण गाडी सगळ्यांत धड त्यालाच चालवता यायची. मी सचिव, कारण मला दुसरं काही येत नाही. अप्पा संचालक मंडळ. अख्खं मंडळ तो एकटाच.
ठराव रीतसर व्हायचे, सूचक-अनुमोदकासह. उतारावर इंजिन बंद करावे. दुष्काळात गाडी धुऊ नये, कोरड्या फडक्याने पुसावी. कोरम तिघांचा, एक जरी नसला तरी सभा नाही.
तो शेवटचा ठराव भागवतचा. तो गेल्यापासून सभा झालेली नाही. गाडीलाही कुणी किक मारलेली नाही.

१९ मार्च, मंगळवार
अप्पाच्या पोटातलं आज बाहेर आलं. बीडच्या शोरूमची योजना आहे. जुनी तुफान द्या, नवीवर सूट घ्या. अक्षय्य तृतीयेपर्यंत.
"आन् जुनीचं काय करतेत ते?"
अप्पाने आधी मला बिडी दिली, मग सांगितलं. भंगार.
म्हणजे भागवतची गाडी मी माझ्या हाताने भंगारात घालायची. आणि का, तर तिच्या नावाची दुसरी आली म्हणून.
"गोठ्यात गंजून मरतीया ती, ते चालतंय का तुला?" हे अप्पाचं. खरं होतं, म्हणून जास्तच राग आला.

२४ मार्च, रविवार
एसटीने बीडला. शोरूमचा मालक अप्पाच्या पाहुण्यांपैकी, त्यामुळे सरबत.
दारातच एक पोरगा नळी लावून नव्या गाड्या धूत होता. पाणी रस्त्यापर्यंत. मी बघतच राहिलो. आमच्या गल्लीत ड्रमावरून बाया एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बाकी आहेत. मालकाला म्हणालो, कोरड्या फडक्याने बी पुसता येते. त्याला वाटलं मी गंमत करतोय.
पाहुणचार म्हणून मांजरसुंब्याच्या घाटापर्यंत गाडी नेऊन आणायची परवानगी. अप्पा पुढे, मी मागे.
आता खरं लिहितो, इथे तरी कशाला लपवू. गाडी फार चांगली आहे. बटण दाबलं की चालू. ब्रेक असा की माझं नाक अप्पाच्या हेल्मेटवर आपटलं. आमची जुनी या घाटात तापायची, मग मी आणि अप्पा उतरून पायी, आणि भागवत वर आंब्याखाली बसून आमच्याकडे बघून हसायचा. ही न थांबता चढली. मला आनंद झाला. वर पोचल्यावर स्वतःचीच लाज वाटली.
आवाज मात्र घसा बसल्यासारखा. धूर नाहीच. आणि सीट! जुनीची सीट सरळ, लांब, बाकड्यासारखी. हिची मधेच वर चढलेली, मागे निमुळती.
परत आल्यावर विचारलं, तिसऱ्याने कुठं बसायचं?
पोरगा म्हणाला, "ट्रिपल सीट चालत नाही काका आता. दंड बसतो."
अप्पा हळूच म्हणाला, "आता आपुन दोघंच हाव की बे."
येताना एसटीत अप्पा पुढच्या बाकावर बसला, मी पार मागच्या.

६ एप्रिल, शनिवार. पाडवा
गुढी उभारली. कडुनिंब तेवढा हिरवा, बाकी शिवारात नजर टाकवत नाही.
धर्मापुरीची आठवण आली. जुनं देऊळ बघायला तिघं गेलतो. भागवत गाडीवर, मधे मी, मागे अप्पा. परळीच्या अलीकडे एका खड्ड्यात अप्पा पडला, आणि आम्हां दोघांना पत्ता नाही! मी अप्पाशी बोलतोय, बोलतोय, तो उत्तर देईना, मला वाटलं रुसला. पुढच्या गावात चहाला थांबलो तेव्हा कळलं, मागची जागा रिकामी. परत फिरलो तर अप्पा रस्त्याच्या कडेला एका म्हशीशेजारी बसलेला. त्या म्हशीलाही आमच्याविषयी बरंच सांगून झालं होतं त्याचं.
तेव्हाचा ठराव. वळण आलं की भागवत मान न वळवता विचारणार, "हाय का?" आणि सगळ्यांत मागच्याने ओरडायचं, "हाय!" मग कित्येक वर्षं तसंच चाललं. रस्त्याकडेची पोरंही ओरडायची आमच्यामागे, हाय, हाय.
मला भागवतची फार आठवण येते. आज सणाच्या दिवशी जास्तच.

१२ एप्रिल, शुक्रवार
अप्पा बोलत नाही. दुकानात गेलो तर साखर नोकराकडून दिली. सौ. म्हणाली, "म्हातारपणी काय लावलंय तुमी, गाडीवरून?"
गाडीवरून नाही, हे तिला कसं सांगू.
मग सुचलं. सभासद गेला की भाग वारसाकडे जातो, हे मी नोकरीभर लोकांना शिकवलं. भागवतचा भाग मुक्ताचा. त्याची एकुलती एक, जनावरांची डॉक्टर, सध्या गेवराईकडे चारा छावणीवर. म्हणजे कोरम होतो!
लगेच फोन लावला. ती हसायलाच लागली. "सचिवकाका, अप्पाकाकांचा सकाळीच येऊन गेला की."
हरामखोर. माझ्याच कायद्याने मला आडवा.
तिचं म्हणणं, आधी जुनी चालू करून ठेवा. दोन्ही चालवल्याशिवाय मत देणार नाही.

२१ एप्रिल, रविवार
अप्पा आणि मी दिवसभर गोठ्यात. बोलणं कामापुरतं. पाना दे. धर. सोड. त्याने प्लग घासला, मी टाकी झटकली. पेट्रोलात ऑइल किती, यावर थोडं वाजलं, ते बरं वाटलं.
किक मारून मारून दोघांचे पाय गेले. शेवटी उतारावर ढकलली. खोकली, थांबली, परत खोकली आणि धरली. गल्लीभर धूर. अप्पा धुरात उभा राहून हसत होता, डोळे पुसत होता. धुरानेच असेल.
सौ. पिठाच्या हातानेच बाहेर आली. "भागवत भाऊजी आल्यावानी वाटलं वो," म्हणाली आणि आत गेली. भाकरी करपली आज. तशीच खाल्ली.

२८ एप्रिल, रविवार
मुक्ता आली. येताना बीडला उतरून नवी चालवून आलेली. कपड्यांना छावणीचा वास, उन्हाने रापलेली पोर. हसली की थेट भागवत.
जुनी तिने एका किकमध्ये चालू केली. बापाने कधीतरी शिकवली असणार, आम्हांला न सांगता.
"बसा दोघंबी."
मधे मी, मागे अप्पा. जागा आपोआप ठरल्या. नांदूरघाटातून बाहेर निघालो, उन्हात, कोरड्या नदीच्या बाजूने. गुडघे दुखत होते, पण काय सांगू. मी पुन्हा तेव्हाचा झालो होतो.
वळण आलं. मुक्ता मान न वळवता म्हणाली, "हाय का?"
तिला आम्ही हे सांगितलेलं नव्हतं. लहानपणी टाकीवर बसायची ना, ऐकलं असेल.
मागून आवाज नाही. मला वाटलं, पडला परत. तिने गाडी थांबवली. अप्पा होता. सीटची कड मुठीत घट्ट धरून बसलेला.
"अप्पाकाका?"
"हाय गं," अप्पा म्हणाला. "हाय."
परत आल्यावर मी विचारलं, कुणाला मत?
"नवी चांगली हाय काका. बाबा असते तर त्यांनी नवीच घेतली असती."
मला हे लागलं. पण खोटं नव्हतं. भागवतला नव्याची भारी हौस. दूध संस्थेत फॅट मोजायचं मशीन आलं तेव्हा त्याने पेढे वाटले होते.
"आन् जुनी?"
"ती बी इकू दिली नसती कुणाला." मग म्हणाली, "सभेत सांगते. रीतसर." आणि एसटी गाठायला पळाली.
सहा तारखेला सभा. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी.

३ मे, शुक्रवार
अप्पाने न मागता बडीशेपची दोन पाकिटं पाठवली. म्हणजे बोलणं सुरू.
दुपारी आला आणि म्हणाला, "मला बी जुनी द्यायची हौस न्हाई बे. पण मला अजून एकदा तरी कुठं जायचंय. हिच्यावर आता जाववत न्हाई. धर्मापुरीला जाऊ की, आपुन."
इतकी वर्षं ओळखतो, पण याला कुठं जायचं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.
मी म्हणालो, सभेत बघू.

६ मे, सोमवार
गोठ्यातच लिहितोय.
सभेची जागा हीच, गाडीसमोर. अप्पा धुतलेलं धोतर नेसून आला. सौ.ने सतरंजी दिली.
मुक्ताचा फोन. छावणीला टँकर आला नाही, जनावरं तहानलेली, तिला हलता येत नाही. "तुमी दोघं ठरवा काका. जे ठरंल ते मला मान्य. माझ्यासाठी थांबू नका."
उद्या योजनेचा शेवटचा दिवस. शोरूमवाला सकाळपासून अप्पाला फोन करतोय.
मी उभा राहिलो आणि नोकरीभर वाचून दाखवलं ते पाठ म्हटलं. गणसंख्येअभावी सभा तहकूब. अर्ध्या तासाने ह्याच ठिकाणी पुन्हा भरेल, तिला गणसंख्येची अट राहणार नाही.
म्हणजे अर्ध्या तासाने दोघं पुरे. सूचक एक, अनुमोदक एक. जुनी जाईल किंवा राहील, आणि ते आमचं आम्हीच ठरवलेलं असेल.
बसलो. चहा झाला. अप्पाने खिशातून कोरडं फडकं काढलं आणि गाडीचा दिवा पुसायला लागला. मग टाकी. मग सीट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. फोन वाजला, त्याने बघून बंद केला.
मी विचारलं, "झाला का रे अर्धा तास?"
अप्पाने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
"न्हाई अजून."
माझ्या घड्याळात कधीच होऊन गेला होता. मी ते काढून खिशात ठेवलं.
सौ. दुसरा चहा ठेवतेय. सभा तहकूब आहे.