लॅबचं पाणी, मशीनचं पाणी

६ मे
तिसरा लॉटही गेला. लॅबमध्ये तुकडा बुडवला की अस्सल डाळिंबी, मशीनचा टॉवेल वाळला की विटकरी, त्यात चट्टे. रंगाची वजनं मी स्वतः केली होती. जी.एम. टॉवेल हातात धरून म्हणाले, "पायपुसणं म्हणून विकू या?" १७ तारखेला गिऱ्हाईक येणार. कमी पाण्यात रंगवलेला हा नवा टॉवेल पसंत पडला नाही तर आमचं डाय हाउस बंद, रंगाई बाहेरून. जी.एम. हे हळू आवाजात बोलले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.
रंगाईचे मल्लेशम मास्तर मार्चमध्ये रिटायर झाले. त्यांच्या हातचा लॉट परत आल्याचं मला तरी आठवत नाही.

८ मे
कॉम्प्युटरवरची आमची "नॉलेज बँक" उघडून बसले. म्हणजे माझीच. दोन वर्षं खपून केली, कारखान्यातलं सगळं ज्ञान एका जागी. फाइल: मास्तरांची मुलाखत. प्रश्न माझे लांबलचक, उत्तरं त्यांची: "अंदाजानं." "बघून." "तसंच असतंय की." तेव्हा घरी येऊन ह्यांना सांगितलं होतं, म्हाताऱ्याला सांगताच येत नाही काही. किती हसले होते मी.
सांगता येत होतं. सांगायचं नव्हतं.

९ मे
लिहूनच टाकते. इथं तरी.
सहा वर्षांपूर्वी मास्तरांनी मला सांगितलं, शेवटच्या धुण्याचं पाणी फेकू नका, पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला वापरा. त्यांना तेलुगू लिहिता येतं, सुधारणा पेटीचा फॉर्म मराठीत. म्हणाले, "अक्का, तुमी लिवा." मी लिहिला. "सुचवणाऱ्याचे नाव" ह्या रकान्यात माझं नाव. का? रकाना होता, हात गेला... नाही. मला पाहिजे होतं.
कुकर मिळाला, प्रमोशन मिळालं. फोटो अजून कँटीनमध्ये आहे, हातात कुकर, दात काढून. त्या दिवसापासून मास्तर मला मॅडम म्हणायला लागले. पेटीत पुन्हा कुणाचीच चिठ्ठी पडली नाही. आणि मी दर तिमाहीला अहवालात लिहायची, "कामगारांचा प्रतिसाद कमी."

१० मे
शमीमला विचारलं. पंधरा वर्षं मास्तरांच्या हाताखाली मशीन चालवलंय तिनं. "हमना क्या मालूम मॅडम. लिखनेवाले तो आप." चेहरा सरळ. माझ्या कानशिलापर्यंत आग गेली.

१२ मे, रवि.
शहराच्या पूर्व भागात मास्तरांच्या घरी गेले. चहा झाला. होटगीला माझी आई कशी आहे, ह्यांची बदली झाली का, सगळं विचारलं त्यांनी. टॉवेलचा विषय काढला तर म्हणाले, "फाइलीत बघा की मॅडम."
खाली उतरले, स्कूटी चालू केली, बंद केली, परत वर गेले. दारातच उभी राहून बोलले. तो फॉर्म, नाव, सगळं. रडणार नव्हते, रडले. त्यांच्या बायकोनं पंखा वाढवला.
मास्तर म्हणाले, "कुकर चांगला हाय का अजून?"
"हो."
"मग झालं."
जिन्यापर्यंत आले, तेव्हा मागून: "लॅबचं पाणी तुमी पिता. मशीन कुठलं पितंय, कधी इचारलं काय?"

१३ मे
लॅबचा नळ पिण्याच्या फिल्टरवरून आलाय. आम्ही त्याच पाण्यावर रंग जुळवतो. मशीनला टाकीचं पाणी: नळाची लाइन आली तर लाइनचं, नाही तर बोअरचं जड पाणी, बहुतेक वेळा दोन्हीची खिचडी. वॉचमन केबिनच्या भिंतीवर रोज कोळशानं खूण करतो, लाइनला रेघ, बोअरला गोल. मास्तरांसाठी सुरू केलेलं, अजून चालूच. दहा वर्षं त्या भिंतीशेजारी गाडी लावतेय मी. मला वाटायचं, दुधाच्या पिशव्या मोजतो.
बोअरचं पाणी कमी घेऊन चौथा लॉट लावला. चट्टे गेले, रंग फिका. गोल किती, रेघ किती, त्यावर सोडा किती, हे भिंतीवर नाही. मास्तरांच्या हातात आहे.

१४ मे
जी.एम.ना सांगितलं, त्या बक्षिसावरचं नाव बदला. ते माझ्याकडे बघतच राहिले. "आत्ता? ह्या आठवड्यात?" मग म्हणाले, "फोटो काढला तर खिळा दिसेल. गिऱ्हाईक कँटीनमध्ये जेवणार आहे."
जेवणाच्या सुट्टीत मीच काढला. जे सांगायचं ते तीन वाक्यांत सांगितलं. कुणी चावायचं थांबलं नाही. शमीमनं शेंगाचटणीचा डबा पुढं सरकवला, पण तो रोजच सरकवते.
ह्यांना सांगितलं. "नोकरी गेली तर?" माहीत नाही. खरंच माहीत नाही.

१५ मे
काही झालं नाही. मला वाटलं होतं, मी कबूल केलं की चारजण येऊन सांगतील, मॅडम असं करा, तसं करा. कसली हाव ही. सहा वर्षं लोकांची तोंडं बंद केली आणि एका जेवणात उघडायला हवीत. पेटी उघडून पाहिली, कुलूप गंजलेलं. आत बडीशेपेची रिकामी पुडी.
पाचवा लॉट चौथ्यापेक्षा वाईट. आता हात टेकले. डाय हाउसमधली माणसं माझ्याकडे बघत नाहीत, आणि मी त्यांच्याकडे बघू शकत नाही.

१६ मे
सकाळी ८ ला मास्तर गेटवर. मी बोलावलं नव्हतं. शमीमनं फोन केला होता म्हणे. वॉचमननं गेटपास फाडून दिला, "कुणाकडे" विचारलं तर म्हणाले, "टाकीकडं." भिंतीवरच्या खुणा बघितल्या. मग टाकीचं पाणी ओंजळीत घेऊन साबणाचा तुकडा चोळला, फेस किती येतो बघितलं, कितीदा तरी. शमीमला तिच्या दखनी बोलीत सांगत होते, ती मान हलवत होती. मी चार पावलांवर फाइल घेऊन उभी. पेन उघडलं आणि मास्तर गप्प झाले.
मी पेन बंद केलं. फाइल शमीमच्या हातात दिली. नवीन पान, "सांगणाऱ्याचे नाव" कोरं ठेवलं आणि लॅबमध्ये निघून गेले. काचेतून दिसत होतं, ती लिहीत होती. उर्दूत. मला वाचता येत नाही.
लॉट दुपारी तीनला निघाला. मास्तर थांबले नाहीत. "निघतो मॅडम," म्हणाले.
टॉवेल दोरीवर टाकलेत. मघापासून चारदा जाऊन आले. डाळिंबी दिसतोय. पण ओल्यात आधीचे पाचही लॉट डाळिंबीच दिसले होते. गिऱ्हाईक उद्या ११ ला.