बिनधक्क्याची गाडी

४ मार्च, सकाळ

आजवर स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: खिडक्यांच्या जाळ्या, एक सोडून सगळ्या. हिचं शिवणाचं टेबल. एका पायाखाली पुठ्ठा घातला की अजिबात डुगडुगत नाही. दाराची बेल, न दाबताही वाजते, पण दाबली की नक्की वाजते. कपडे वाळत घालायची वर-खाली होणारी दांडी. सध्या वर आहे. यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही.

हे लिहून ठेवतोय, कारण काल मेहुणा म्हणाला, भाऊजी, गाडी तेवढी जाणत्या माणसाला दाखवा.

मणक्याच्या ऑपरेशननंतर ही भावाकडेच आहे. डॉक्टरांनी बजावलंय, पाठीला धक्का बसता कामा नये. आमची गाडी ऑटोमॅटिक, पण वयस्कर. दुसरा गिअर पडताना मागून कोणी गुद्दा घातल्यासारखं वाटतं. ही म्हणते, घरी यायचंय, पण त्या गाडीतून नाही, टॅक्सीने येते. दारात गाडी असताना टॅक्सी? पंधरा तारखेला मी स्वतः आणणार. धक्का न बसता. शब्द दिला.

५ मार्च

अभ्यास पूर्ण. गिअरबॉक्सच्या बाजूला डबीएवढा मॉड्युलेटर असतो. त्यात एक स्क्रू. आत पिळला की तेलाचा दाब वाढतो, गिअर कडक पडतो. बाहेर काढला की मऊ. बस, एवढंच शास्त्र.

गॅरेजवाल्याला फोन केला, निव्वळ पडताळणीसाठी. तो म्हणाला, पाव फेरा फिरवा आणि हात काढा. थोडा धक्का असू द्यावा साहेब, त्यावरून पकड कळते. धंदेवाईक माणूस. लोकांचे धक्के गेले तर खाणार काय?

७ मार्च

आरशाला ओळंबा टांगला, मागे मिलिमीटरची पट्टी चिकटवली. दुसऱ्या गिअरला ओळंबा बेचाळीस मिलिमीटर हलतो. स्क्रू पाव फेरा बाहेर. एकोणतीस. हे आकडे जगात दुसऱ्या कोणाकडे नसतील.

८ मार्च

आणखी अर्धा फेरा. सतरा. हिला लगेच फोन करून कळवलं. म्हणाली, अहो, माझ्या पाठीला मिलिमीटर कळत नाहीत. तरी सांगून ठेवलं.

१० मार्च

एक पूर्ण फेरा. सहा. आता गिअर बदलताना इंजिन मोठ्यांदा घोंघावतं आणि गाडी क्षणभर तशीच रेंगाळते. उतावीळपणा गेला. विचार करून पुढचा गिअर घेते. माणसांनीही असंच वागावं.

११ मार्च

गाडीत करपल्याचा वास. शेजारी कोणीतरी दूध उतू घालवलं असावं. सिग्नलपाशीही आला. तिथेही शेजारी असतातच.

गिअरबॉक्सच्या तेलाची काडी काढून पाहिली. तेल लाल असायचं, ते आता काळपट झालंय. मुरत आलंय.

गॅरेजवाल्याचा आपणहून फोन. वास येतो का? नाही म्हणालो. तरी म्हणे, स्क्रू जास्त सैल केला असेल तर आजच आत घ्या, आतले क्लच घसरून जळतात, मग हळहळून उपयोग नाही. आभार मानून फोन ठेवला.

१३ मार्च

शून्य. ओळंबा जागचा हलत नाही. चढावर गाडीही फारशी हलत नाही, पण तो चढाचा दोष. मेहुण्याच्या घरापर्यंत एकच चढ आहे.

हिची खोली झाडली. पलंग खिडकीकडे सरकवला, मग पुन्हा भिंतीकडे. मध्येच बेल वाजते. मीच लावलेली बेल, मला ठाऊक आहे, तरी उठून दार उघडून बघतो.

१५ मार्च, सकाळ

निघतो. सीटवर दोन उशा ठेवल्यात.

१५ मार्च, दुपार

चढाच्या मध्यावर गाडी थांबली. इंजिन गरजतंय, चाकं ढिम्म. मेहुणा फाटकातून धावत आला. भाऊजी, धक्का मारू का? त्याने आणि रस्त्यावरच्या दोघांनी ढकलत फाटकापर्यंत आणली. स्टिअरिंग मी सांभाळलं.

ही फाटकात काठी टेकून उभी होती, नवी साडी नेसून, पिशवी भरून. म्हणाली, शब्द पाळलात हो. आता धक्का बसत नाही, मारावा लागतो. मेहुणा हसला. ती हसली नाही. भिंतीला धरत धरत आत गेली. मी हात द्यायला उतरणार होतो, पण ब्रेकवरून पाय काढला असता तर गाडी मागे गेली असती.

दोर बांधून घरी आणली.

१६ मार्च

स्क्रू पूर्ण आत पिळला. काही फरक नाही. म्हणजे दोष स्क्रूचा नव्हताच. हे सिद्ध झालं, हेही नसे थोडके.

हिला फोन केला. मेहुण्याने उचलला. झोपलीय म्हणाला. मागून तिचा आवाज येत होता.

१८ मार्च, सकाळ

गाडीखाली होतो. फाटकापाशी टॅक्सी थांबली. खालून फक्त तिची चाकं दिसली, मग हिच्या चपला. एक पाऊल. थांबणं. एक पाऊल. बाहेर यायला गेलो तर शर्टाची बाही अडकली. सुटून येईपर्यंत टॅक्सीवाल्याने हिला हात देऊन पायऱ्या चढवल्या होत्या. दारातून मागे न वळता हिने विचारलं, काही खाल्लंत का? नाही म्हणालो. आत गेली.

टॅक्सीवाला माझ्या गाडीत डोकावून आला. म्हणाला, काका, माझी सीट पार बसलीय, ताई वाटभर कण्हत होत्या. दर आठवड्याला दवाखान्यात न्यायला त्यांनी मलाच सांगितलंय. ही गाडी तर आता काही चालायची नाही. हिची पुढची सीट मला देता का, त्यांना बरं पडेल.

म्हणालो, गाडी चालू आहे. थोडी ॲडजस्टमेंट राहिलीय. सीट द्यायची नाही.

दीड हजार देत होता.